सुरथाचे मागणे
(बंगळुरातील नवरात्राच्या निमित्ताने)

नवरात्रात घरोघर ज्या सप्तशतीचा पाठ होतो, तिचा आरंभ देवीपासून होत नाही. तो होतो पदावरून दूर झालेल्या एका राजापासून. सुरथ नावाचा राजा शत्रूंकडून पराभूत होतो, स्वतःच्याच अमात्यांकडून नाडला जातो, आणि शिकारीचे निमित्त करून एकटाच घोड्यावर बसून रानात निघून जातो. मेधस् ऋषींच्या आश्रमात त्याला आसरा मिळतो; पण मन काही तेथे रमत नाही. आपला तो आवडता हत्ती आता शत्रूच्या ताब्यात गेला, त्याला धड खायला मिळत असेल काय. ज्यांना आपण पोसले ते सेवक आता दुसऱ्यांची सेवा करीत असतील. मोठ्या कष्टाने साठविलेला खजिना उधळ्या लोकांच्या हाती संपून जाईल, अशा विवंचनेत तो दिवस काढतो. तेथेच त्याला समाधी नावाचा एक वैश्य भेटतो. ह्याला तर धनाच्या लोभाने बायकामुलांनीच घराबाहेर काढलेले. आणि तरी त्याच बायकामुलांची खुशाली कळत नाही म्हणून तो झुरतो आहे. दोघेही ऋषींपुढे जाऊन एकच प्रश्न विचारतात: ज्यातले दोष आम्हांला धडधडीत दिसतात, तिकडेच आमचे मन का ओढ घेते?

मुलुख सोडून नोकरीनिमित्त दूर राहिलेल्या माणसाला ही प्रस्तावना वाचताना क्षणभर थबकावेसे वाटते, ते उगाच नव्हे. पूर्वी सांभाळलेल्या कचेरीत आता कोण बसले आहे, आपण लावलेली शिस्त त्याने मोडली की काय, गावाकडच्या घराची कौले ह्या पावसात टिकली की नाही, ह्या आमच्या चिंता आणि सुरथाच्या हत्तीची चिंता ह्यांत जातीचा फरक नाही.

ऋषींचे उत्तर मोठे मार्मिक आहे. ते आधी देवीचे नाव घेत नाहीत. झाडावरच्या पाखरांकडे बोट दाखवितात. ही पाखरे स्वतः भुकेने व्याकुळ असूनही पिलांच्या चोचीत दाणे घालतात. माणसे निदान परतफेडीच्या आशेने मुलांवर माया करतात. पाखरांना तर तीही आशा नाही. मग हे ज्ञान म्हणावे की अज्ञान? ज्या शक्तीमुळे हे घडते ती महामाया. तीच बांधते आणि प्रसन्न झाली तर तीच सोडविते. एवढे सांगून झाल्यावर मग मधुकैटभ, महिषासुर आणि शुंभनिशुंभ ह्यांच्या कथा येतात. तेरा अध्यायांपैकी पहिल्या कथेला एक, दुसरीला तीन आणि तिसरीला उरलेला भाग, अशी ही मांडणी आहे. कथा ऐकल्यावर राजा आणि वैश्य नदीकाठी जातात, वाळवंटात देवीची मातीची मूर्ती करतात आणि तीन वर्षे आराधना करतात. देवी प्रकट होऊन वर मागा म्हणते. राजा आपले गेलेले राज्य मागतो, आणि पुढच्या जन्मी न ढळणारे राज्य मागतो. वैश्य मागतो ते ‘मी’ आणि ‘माझे’ ह्यांची गाठ सुटेल असे ज्ञान. देवी दोघांनाही मागितलेले देते. कोणाला कमी लेखीत नाही, की राजाला उपदेशही करीत नाही.

मार्कंडेयपुराणात समाविष्ट झालेला हा ग्रंथ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. तेव्हापासून आजतागायत देवीच्या उत्सवात ही दोन मागणी शेजारी शेजारी उभी आहेत. नवरात्राचा आध्यात्मिक अर्थ म्हणून जे पुष्कळदा सांगितले जाते, त्यात पहिल्या मागण्याचा उल्लेखच नसतो. महिषासुर म्हणजे अज्ञान, नऊ रात्री म्हणजे साधनेच्या नऊ पायऱ्या, असे सोयीचे रूपक करून मोकळे होतात. हा अर्थ खोटा नाही. परंतु ज्या भूमीवर हा उत्सव शतकानुशतके साजरा झाला, तेथे देवीजवळ मुख्यतः काय मागितले गेले हे पाहिल्याशिवाय तो पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते. आणि त्या दृष्टीने बंगळूरसारखे दुसरे गाव सापडणे कठीण. कारण मराठी भवानी, म्हैसूरची चामुंडी आणि शृंगेरीची शारदा ह्या तिघींच्या इतिहासाचे धागे येथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे गाव १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने जिंकले, आणि त्या स्वारीत असलेल्या शहाजीराजांच्या जहागिरीत ते आले. पुढची सुमारे पन्नास वर्षे बंगळूर हे भोसल्यांचे ठाणे होते. बालशिवाजी आणि जिजाबाई काही काळ येथे राहून १६४२ च्या सुमारास पुण्यास परतली. शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये हा कवी आला. बारा भाषांत कविता करणाऱ्या ह्या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी १९२२ मध्ये छापून प्रसिद्ध केला, तेव्हा बंगळूरच्या त्या मराठी दरबाराचे चित्र आपल्यासमोर आले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आजही तेथे आहे. मल्लेश्वरमला राहणारे आमचे कितीतरी लोक त्याच्यावरून रोज जातात!

व्यंकोजी पुढे तंजावरास गेले आणि १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने तीन लक्ष रुपयांस विकत घेतले. तीन लाखांत हे शहर गेले, हे आजच्या जागांच्या किमती ठाऊक असलेल्या वाचकास सांगताना थोडी गंमत वाटते. पण भोसले तंजावरास जाताना आपली कुलस्वामिनी मागे ठेवून गेले नाहीत. त्यांच्या वंशात दोन राजांचे नावच तुळजा होते, एक १७२८ ते १७३६ आणि दुसरा १७६३ ते १७८७. तमिळ मुलखाच्या मध्यभागी, कावेरीच्या काठी, तुळजापूरच्या देवीचे नाव राजाने धारण करावे, ह्यात कुलदैवत ह्या कल्पनेचे सारे मर्म आले. देव गावाचा असतो तसा कुळाचाही असतो, आणि कूळ जाते तेथे तो जातो. बदलीच्या गावी देव्हाऱ्यातले टाक आणि सुपारी आधी हातात घेऊन मग बाकीचे सामान मालमोटारीत चढविणाऱ्या गृहिणीला हे शिकवावे लागत नाही.

ह्या तंजावरी मंडळींतलेच काही पुढे कारभारी होऊन म्हैसूर संस्थानात परतले. १९०६ ते १९०९ ह्या काळात दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यानंतर १९१२ पर्यंत दिवाण असलेले टी. आनंदराव, म्हणजे सर टी. माधवरावांचे चिरंजीव, हे दोघेही त्या मराठी परंपरेतले. आनंदरावांच्या जागी विश्वेश्वरय्या आले. ह्या मुलखातला मराठी माणूस तलवारीने आला आणि दौतलेखणीने राहिला, असे थोडक्यात म्हणता येईल.

म्हैसूरचा दसरा मात्र मूळचा म्हैसूरचा नव्हे. तो विजयनगरचा वारसा आहे. हंपीच्या महानवमी दिब्ब्यावर नऊ दिवस चालणाऱ्या सोहळ्याचे वर्णन १५२० च्या सुमारास तेथे आलेल्या डोमिंगो पाएस ह्या पोर्तुगीजाने केले आहे. रेड्यांचे आणि मेंढ्यांचे बळी, सजविलेले हत्ती आणि घोडे, मांडलिकांचे मुजरे, आणि शेवटी साऱ्या फौजेची पाहणी. १५६५ मध्ये विजयनगर बुडाले. १६१० मध्ये राजा वडेयराने श्रीरंगपट्टण घेतले आणि त्याच वर्षी तेथे नवरात्राचा उत्सव सुरू केला. ह्याचा अर्थ त्या काळच्या माणसाला स्पष्ट होता: जो महानवमी साजरी करील तो विजयनगरच्या गादीचा वारस. देवीची पूजा ही राज्याच्या हक्काची सनद होती. हे सुरथाचे मागणे. आणि त्यात लपवाछपवी काही नव्हती. आपल्याकडे पेशवाईतही सीमोल्लंघन म्हणजे मोहिमेवर निघण्याचा मुहूर्तच होता. पाऊस ओसरलेला, नद्या उतरलेल्या, घोड्यांना गवत मुबलक. देवीने दिलेली आज्ञा आणि ऋतूने दिलेली सवड एकाच दिवशी येत असे.

पण ह्याच १६१० च्या विजयाला एक काळी किनार आहे, आणि ती उत्सवाने पुसून टाकलेली नाही. विजयनगरच्या श्रीरंगपट्टण येथील प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडे दागिने होते. श्रीरंगनायकी देवीला ते ठराविक वारी घालीत असत. ते मिळविण्यासाठी राजाने माणसे पाठविली, तेव्हा तिने तलकाडजवळ कावेरीत उडी घेतली आणि शाप दिला की तलकाड वाळूखाली जावो, मालंगीला भोवरा पडो आणि म्हैसूरच्या राजांना संतती न होवो. ही आख्यायिका आहे. तिच्यातला इतिहास किती, हा वाद बाजूला ठेवू. आम्हांला विशेष वाटते ते पुढचे. म्हैसूरच्या राजघराण्यात नवरात्राच्या दिवसांत ह्या अलमेलम्मेचीही पूजा होत आली. जिने शाप दिला, जिच्यावर अन्याय झाला, तिलाच देवी मानून तिच्यापुढे हात जोडायचे. सिंहासनावर बसणाऱ्याने वर्षातून एकदा तरी स्मरावे की ह्या सिंहासनाखाली एका स्त्रीचा आक्रोश आहे. चामुंडीजवळ राज्य मागणाऱ्या घराने अलमेलम्मेजवळ क्षमा मागावी, ही गोष्ट आम्हांला दरबारातल्या साऱ्या थाटापेक्षा मोठी वाटते.

क्षमेचा विषय निघाला म्हणजे मराठी माणसास १७९१ साल टाळता येत नाही. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एक झाले होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. इकडे उत्तरेकडून पटवर्धनांच्या मराठी फौजा येत होत्या. त्या फौजांबरोबर असलेल्या लुटारू टोळ्या शृंगेरीवर पडल्या. आद्य शंकराचार्यांच्या त्या पीठात लूट झाली, माणसे मारली गेली आणि शारदेच्या मूर्तीलाही धक्का लागला. स्वामी सच्चिदानंद भारती ह्यांना पीठ सोडून कारकळास जावे लागले. मग त्यांनी टिपूला लिहिले. टिपूची उत्तरे कन्नड भाषेत आहेत. म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे आर. नरसिंहाचार ह्यांना हा पत्रव्यवहार १९१६ मध्ये शृंगेरीच्या दप्तरात मिळाला. त्या पत्रांत टिपूने झाल्या प्रकाराविषयी संताप व्यक्त केला, शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी पैसा आणि सामग्री देण्याची व्यवस्था केली, आणि शत्रूंच्या नाशासाठी शतचंडी व सहस्रचंडी जप करावा अशी स्वामींस विनंती केली.

ह्या प्रसंगाचा उपयोग करून टिपूची बाजू घेणारे घेतात आणि ती खोडून काढणारे खोडतात. पटवर्धनांच्या बाजूने लिहिणारे लुटीचा दोष पेंढाऱ्यांवर आणि लमाणांवर टाकतात. फौजेच्या सेनापतीने ती करविली नसावी हे खरेही असेल. पण फौज कोणाची होती? जिच्या निशाणाखाली हे लोक चालत होते, ती फौज भवानीच्या नावाने दसऱ्याला निघणारी फौज होती. आणि ज्याच्यावर ती निघाली होती, तो सुलतान सप्तशतीचे पाठ करवीत होता. दोन्हीकडून मागणे एकच, राज्याचे. देवीने कोणाला काय दिले हे सर्वांना ठाऊक आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. १८१८ मध्ये पुण्याची गादी गेली.

दक्षिणेत नवरात्राचे तीन भाग मानण्याची रीत आहे: पहिले तीन दिवस दुर्गेचे, मधले तीन लक्ष्मीचे, शेवटचे तीन सरस्वतीचे. शक्ती, मग संपत्ती, मग विद्या, असा चढता क्रम. १७९१ मध्ये आमच्या लोकांनी तीन दिवसांवरच नवरात्र आटोपले, असे खेदाने म्हणावे लागते. दुर्गेचे भक्त शारदेच्या दारी लुटारू होऊन आले. देवी एकच, रूपे अनेक, हे म्हणणे सोपे. सप्तशतीत शुंभ देवीला हिणवतो की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस. तेव्हा ती उत्तर देते की जगात मी एकटीच आहे, ह्या साऱ्या माझ्याच विभूती. आणि त्या सर्व देवता तिच्यात विरून जातात. ह्या अद्वैताचा अर्थ मठाच्या भिंतींच्या आत कळून पुरत नाही. तो स्वारीवर निघालेल्या माणसाला कळायला हवा होता.

सप्तशतीच्या चौथ्या अध्यायात देव जी स्तुती करतात तिच्यात एक विचार आहे, तो ह्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. देव आश्चर्य करतात की पूर्णचंद्रासारखे ते हसरे मुख पाहूनही महिषासुराच्याने प्रहार करवला तरी कसा. पुढे ते म्हणतात की हिने नुसत्या दृष्टीनेच असुरांची राख केली असती. तरी ती शस्त्र उचलते, ते एवढ्यासाठी की त्या शस्त्राने पावन होऊन शत्रूंनाही उत्तम लोक मिळावेत. चित्तात कृपा आणि रणात निष्ठुरता ही दोन्ही एका ठिकाणी हिच्यातच दिसतात. आमच्या मते देवीच्या उपासनेचे मर्म येथे आहे. शक्ती वापरावी लागते. राज्य चालवायचे, कायदा राखायचा, तर कठोर व्हावेच लागते. प्रश्न एवढाच की हात उगारताना समोरच्याचे कल्याण मनात आहे की नाही. ज्यांच्या सहीने कोणाची जमीन जाते, कोणाची नोकरी जाते, त्या आमच्या वाचकांस ह्यावर अधिक लिहून सांगण्याची गरज नाही.

महिषासुराबद्दलही आपली समजूत वाटते तितकी एकेरी नाही. म्हैसूर हे नाव महिषावरूनच आले, आणि चामुंडी टेकडीवर हाती खड्ग आणि नाग घेऊन उभा असलेला तो रंगीत पुतळा प्रत्येक प्रवासी पाहून येतो. आपल्या देशावर शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ ह्या ग्रंथात पुण्याच्या आसपासची ही ठाणी हिंडून पाहिली आणि म्हसोबा हा महिषासुरच होय असे दाखविले. इतकेच नव्हे, तर काही ठिकाणी तो देवीचा शत्रू नसून पती आहे. म्हणजे एका थरावर वध, दुसऱ्या थरावर विवाह. ज्याला मारले त्यालाही नैवेद्य दाखविणारा हा समाज आहे. अलमेलम्मेच्या पूजेत जे दिसले तेच येथेही आहे.

राजांच्या देवीविषयी इतके पुरे. बंगळूरची स्वतःची ग्रामदेवता अण्णम्मा. मॅजेस्टिकच्या गजबजाटात तिचे छोटे देऊळ आहे. तिची उत्सवमूर्ती निरनिराळ्या वस्त्यांतून उत्सवासाठी नेली जाते. १८९८ मध्ये येथे प्लेग आला तेव्हा लोकांनी ‘प्लेगम्मा’ ह्या नावाने देवीची ठाणी मांडली. आपल्याकडे मरीआईचा गाडा निघे, त्यातलाच हा प्रकार. त्याच साथीनंतर मोकळ्या हवेसाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी हे भाग वसले, ज्यांत आज आम्ही राहतो. आणि चैत्रातला करग तर ह्या शहराचा प्राणच. तिगळ समाजाची द्रौपदी ही येथे आदिशक्ती. धर्मराय देवळाचा पुजारी स्त्रीवेष घेऊन, हातात बांगड्या भरून, डोक्यावर फुलांचा उंच मनोरा आणि त्याच्या आत तो घट घेऊन, हात न लावता रात्रभर पेठांतून फिरतो. नागव्या तलवारी घेतलेले वीरकुमार भोवती असतात. आणि वाटेत तवक्कल मस्तानांच्या दर्ग्यात तो जातो. पुरुषाने देवी व्हायचे म्हणजे पौरुषाचा अभिमान उतरवून ठेवायचा, हे इतके उघड क्वचितच कोठे दिसेल.

हा करग म्हणजे घटच. आमच्या घरी आश्विन शुद्ध प्रतिपदेस बसतो तोही घटच. पत्रावळीवर काळी माती, तीत धान्य, वर पाण्याने भरलेला कलश, रोज एक माळ, आणि नऊ दिवस न विझणारा दिवा. रा. चिं. ढेरे ह्यांनी ‘लज्जागौरी’ ह्या १९७८ च्या ग्रंथात भूमातेच्या उपासनेचा जो शोध घेतला, त्यात रेणुका हे नाव ‘रेणू’शी, म्हणजे मातीच्या कणाशी, आणि तिचे प्रतीक वारुळाशी कसे जोडले आहे हे उलगडून दाखविले. सौंदत्तीची यल्लम्मा आणि माहूरची रेणुका ह्यांच्यामध्ये भाषेची सीमा आहे, मातीची नाही. सुरथ आणि समाधी ह्यांनी केलेली मूर्तीही मातीचीच होती, हे येथे आठवावे.

बंगळुरात घट बसविताना आमच्या स्त्रियांना शेजारच्या घरी ‘गोंबे’ दिसतात. विषम पायऱ्यांची उतरंड, वर पांढरे वस्त्र, आणि सर्वांत वर ‘पट्टद गोंबे’, म्हणजे तांबड्या लाकडाचे राजाराणीचे जोडपे. लग्नात ते मुलीला माहेराहून मिळते. म्हैसूरचा सारा दरबार अशा रीतीने घरातल्या पाटांवर उतरतो. राज्य हे शेवटी बाहुल्यांचे, असा टोमणा त्यात कोणी मुद्दाम ठेवला नसेल; पण तो आहे. आमच्या मुली पाटावर हत्ती काढून भोंडला खेळत असत, तेव्हा तिकडे म्हैसुरास खरा हत्ती अंबारी घेऊन निघत असे. आणि खेळातल्या गाण्यांत राज्य नसे, होती ती सासरमाहेरची ओढ, म्हणजे समाधी वैश्याची व्यथा. सप्तशतीचे दोन्ही श्रोते ह्या दोन हत्तींभोवती आले म्हणावयाचे.

कानडी आणि तमिळ घरांतून दसऱ्याच्या रात्री ह्या बाहुल्यांपैकी एक आडवी करून निजवितात. ते पाहिले म्हणजे तुळजापूरची आठवण होते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, आणि वर्षातून तीनदा ती पलंगावर निद्रा घेते: नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. विजयादशमीच्या पहाटे सीमोल्लंघनासाठी ती पालखीत बसून बाहेर येते आणि मग थकून निजते. युद्ध जिंकणाऱ्या देवीला थकवा येतो, हे कबूल करणारा हा धर्म आम्हांला फार मानवी वाटतो. आणि हे सप्तशतीला सोडूनही नाही. पहिल्या कथेतली देवी ही योगनिद्राच. विष्णूच्या डोळ्यांतून ती दूर झाली म्हणून तो उठला. पाचव्या अध्यायातल्या नमनातही देव तिला सर्व भूतांतली बुद्धी आणि श्रद्धा म्हणतात, तसेच भूक म्हणतात, झोप म्हणतात, लाज म्हणतात आणि भ्रांतीही म्हणतात. चूकभूलसुद्धा तिचीच! जो उपासक हे मनापासून म्हणेल त्याला दुसऱ्याच्या भुकेकडे आणि दुसऱ्याच्या चुकीकडे पाहण्याची दृष्टी बदलावीच लागेल. एकनाथांनी जोगव्यात हेच वेगळ्या अंगाने सांगितले. देवीचा जोगवा म्हणजे मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी मागायची भिक्षा. सरदाराच्या बायकोलाही ती चुकत नसे. नाथांच्या जोगव्यात मोह हाच महिषासुर आहे आणि मागणाऱ्याने आपले विकारच सोडून द्यायचे आहेत. समाधी वैश्याचे मागणे मराठीत आणून ते नाथांनी बायाबापड्यांच्या परडीत टाकले.

सुरथाच्या मागण्याचे पुढे काय झाले? १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मानमरातब संपले. सुमारे साडेसातशे किलोच्या ज्या सोन्याच्या अंबारीत जयचामराजेंद्र वडेयर बसत, ती रिकामी झाली. लोकांनी आणि सरकारने उत्सव चालू ठेवला, आणि त्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती बसविली. तेव्हापासून विजयादशमीच्या जंबू सवारीत राजाच्या जागी देवी आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षे राजे देवीजवळ राज्य मागत होते. शेवटी राज्य तिच्याकडेच राहिले. १९७३ मध्ये संस्थानाचे नाव लागलेल्या म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले. आता मुख्यमंत्री तिच्यावर फुले उधळतात. पर्यटनखात्याच्या जाहिरातींमुळे ह्या सोहळ्याचे गांभीर्य थोडे झाकले जाते, हे खरे. पण सत्तेच्या आसनावर कोणाही माणसाने बसू नये, ते भरलेले असावे पण देवतेने, ही कल्पना लोकशाहीला शोभणारी आहे. आणि ती कोणा विचारवंताच्या लेखणीतून नव्हे, अडचणीतून निघाली.

बंगळुरात मात्र लोकांचा खरा उत्साह महानवमीच्या आयुधपूजेला. आपल्या खंडेनवमीला घरातली कोयती-विळी पुजतात. येथे कारखान्यातल्या यंत्रांपासून रिक्षापर्यंत सारे पुजले जाते. गांधी बाजारात शेवंतीच्या माळा हाताच्या मापाने मोजून देतात, गाड्यांना केळीचे खुंट बांधतात, चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडतात आणि कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडतात. विजयनगरचे रेडे जाऊन कोहळा आला. कोल्हापुरास ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर फोडतात तोही कोहळाच. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवर दुचाकीस्वार त्या फोडींवरून घसरतात, ही देवीची लीला नव्हे, आपली आहे.

कचेरीतल्या टेबलावर त्या दिवशी आमच्यापैकी काहींनी पूर्वी दौत-टाक पुजले, आता संगणकाला हळदकुंकू लावतात. संध्याकाळी गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळाकडे पावले वळतात. दसऱ्याला सोने म्हणून जे हातात येते ते येथे कधी आपट्याचे पान असते, कधी शमीचे. उत्तर कर्नाटकातून आलेले शेजारी तिला बन्नी म्हणतात आणि तेही ती सोने म्हणूनच देतात. घट हलविल्यावर उगवलेले पिवळसर अंकुर मुले कानावर किंवा टोपीत खोवतात. राहिलेली माती आमच्या घरांतून तुळशीच्या कुंडीत पडते, आणि कोजागरीला आटवलेले दूध होईपर्यंत तिकडे तुळजापूरची देवी निजलेली असते.